कोफॅक्सच्या थोरवीचे माप

कलावंताची वा खेळाडूची थोरवी ठरवावयाची ती त्याच्या आयुष्यभराच्या कर्तृत्वाच्या बेरजेवरून, की त्याने गाठलेल्या सर्वोच्च शिखरावरून, हा वाद जुना आहे. आणि तो मिटत नाही याचे कारण दोन्ही पक्षांपाशी खरे बोलण्याजोगे पुष्कळ आहे. बालकवी १९१८ साली अवघ्या २७ व्या वर्षी गेले. त्यांच्या कवितांची संख्या मोजून त्यांचे स्थान ठरविण्याचे धाडस मराठीत कोणी करणार नाही. उलट, ज्याने चाळीस-पन्नास वर्षे अखंड साधना केली, वार्धक्यातही आपला दर्जा ढळू दिला नाही, त्याच्या दीर्घ तपाला काहीच मोल नाही असेही सुजाण रसिकाला म्हणवत नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या क्षेत्रात हाच वाद सँडी कोफॅक्स ह्या डावखुऱ्या पिचरच्या नावाभोवती १९६६ सालापासून चालू आहे.

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण आज मराठी आणि कोंकणी कुटुंबांतील कितीतरी मुले आणि नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत आणि त्यांच्या तोंडी ह्या खेळाची नावे आपल्या घरांतही येऊ लागली आहेत. शिवाय येथे खेळ परका असला तरी प्रश्न आपला आहे. गवयाची, कीर्तनकाराची, नटाची चर्चा करताना आपण नेमक्या ह्याच पेचात सापडतो. कोफॅक्सच्या बाबतीत एक सोय आहे ती ही, की बेसबॉल हा आकडे जपणारा खेळ असल्यामुळे प्रत्येक पक्षाचे म्हणणे तपासून पाहता येते. गवयाच्या बाबतीत ही सोय नसते.

ज्यांस हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पिचर हा क्रिकेटमधील गोलंदाजाचा भाऊबंद. पण सामन्याचा भार त्याच्यावर कितीतरी अधिक असतो. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडू टप्पा न घेता सरळ येतो. योग्य पट्ट्यातला चेंडू फलंदाजाने सोडला किंवा मारताना हुकविला, तर ती एक स्ट्राइक. अशा तीन झाल्या की तो बाद. यास स्ट्राइकआउट म्हणतात. पट्ट्याबाहेर चार चेंडू गेले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. सामना नऊ डावांचा असतो. हार-जीत पिचरच्या नावावर मांडली जाते, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळून दर नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या याची सरासरी काढली जाते. ही सरासरी जितकी लहान तितका पिचर मोठा. कोफॅक्सच्या काळात पिचर साधारणतः तीन दिवसांची विश्रांती घेऊन चौथ्या दिवशी पुन्हा उभा राही.

कोफॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९५५ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, तो ब्रुकलिनच्या डॉजर्स संघातून खेळू लागला. १९५८ पासून हा संघ लॉस एंजेलिसला गेला. त्याची कारकीर्द १२ वर्षांची आणि तिचे दोन भाग सरळ दिसतात. १९५५ ते १९६० ह्या सहा वर्षांत त्याने ३६ सामने जिंकले आणि ४० हरले. पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, त्याने १८ सामने जिंकून २६९ स्ट्राइकआउट केले आणि नॅशनल लीगचा १९०३ पासूनचा विक्रम मोडला. त्यानंतर १९६२ ते १९६६ ह्या पाच वर्षांत त्याने १११ सामने जिंकले व केवळ ३४ हरले, सरासरी १.९५. ह्या पाचही वर्षी नॅशनल लीगमधील सर्वांत कमी सरासरी त्याचीच होती. प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारू न देण्याचा पराक्रम त्याने लागोपाठ चार वर्षांत चार वेळा केला. त्यांपैकी चौथा, ९ सप्टेंबर १९६५ चा शिकागो कब्ज विरुद्धचा सामना, सर्वस्वी निर्दोष होता. सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही बेसपर्यंत न पोहोचता परतले. त्या दिवशी प्रतिस्पर्धी पिचर बॉब हेंडली यानेही एकच फटका मारू दिला आणि सामना १–० असा सुटला. साय यंग पारितोषिक तेव्हा दोन्ही लीगमध्ये मिळून एकाच पिचरला दिले जाई. ते कोफॅक्सला १९६३, १९६५ व १९६६ अशी तीन वर्षे एकमताने मिळाले. १८ नोव्हेंबर १९६६ रोजी, वयाच्या ३० व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. १९७२ मध्ये, ३६ व्या वर्षी, तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. इतक्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. तो पक्ष दुबळा नाही. त्याचा पहिला आक्षेप बेरजेचा आहे. कोफॅक्सचे एकूण विजय १६५. त्याच्याच काळात खेळणाऱ्या वॉरेन स्पान ह्या डावखुऱ्याचे विजय ३६३, आणि ज्याच्या नावाने पारितोषिक दिले जाते त्या साय यंगचे ५११. जो पाच वर्षे देदीप्यमान आणि सहा वर्षे सामान्य होता त्याला वीस वर्षे उत्तम राहिलेल्यांच्या पंक्तीला बसवावे का? दुसरा आक्षेप स्थळाचा आहे. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचे नवे मैदान उघडले. ते पिचरला अनुकूल होते, आणि कोफॅक्सचा भाग्योदय नेमका त्याच वर्षी सुरू झाला. त्या मैदानावर त्याची सरासरी १.३७ आहे. तिसरा आक्षेप काळाचा आहे. १९६३ मध्ये नियम बदलून स्ट्राइकचा पट्टा मोठा करण्यात आला आणि एकूण खेळच पिचरच्या बाजूला झुकला. १९६८ साली तर बॉब गिब्सनने १.१२ अशी सरासरी नोंदविली, आणि १९६९ मध्ये पट्टा पुन्हा आकुंचित करून पिचरचा उंचवटाही १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. म्हणजे कोफॅक्सचे आकडे हे काही अंशी मैदानाचे आणि नियमांचे आकडे आहेत, असे हा पक्ष म्हणतो.

मैदानाचा आक्षेप प्रथम घेऊ. त्याच पाच वर्षांत परक्या मैदानांवर कोफॅक्सने ५४ सामने जिंकले, १९ हरले आणि त्याची सरासरी २.५७ होती. लीगची सर्वसाधारण सरासरी तेव्हा साडेतीनच्या आसपास असे. म्हणजे घरच्या मैदानाने त्याला हात दिला हे खरेच. परंतु ते मैदान सर्वस्वी वजा केले तरी जो उरतो तोही पहिल्या प्रतीचा पिचर आहे. याहून निर्णायक पुरावा त्याच्याच संघात आहे. डॉन ड्राइसडेल हा त्याचा सहकारी स्वतः मोठा पिचर होता. १९६२ चे साय यंग पारितोषिक त्याचेच. तोही त्याच उंचवट्यावरून, त्याच नियमांखाली, त्याच क्षेत्ररक्षकांच्या भरवशावर खेळला. १९६३ मध्ये कोफॅक्सचे विजय २५, पराभव ५, सरासरी १.८८, ड्राइसडेलचे विजय १९, पराभव १७, सरासरी २.६३. १९६६ मध्ये कोफॅक्स २७–९, सरासरी १.७३, ड्राइसडेल १३–१६, सरासरी ३.४२. मैदान एक, नियम एक, संघ एक. एवढे अंतर मैदानाने पडत नाही. शिवाय न्यायासाठी हेही सांगावे लागते की १९५८ ते १९६१ पर्यंत डॉजर्स ज्या कॉलिझियममध्ये खेळले तेथे डावीकडची सीमा जेमतेम अडीचशे फुटांवर होती. जे नवे मैदान कोफॅक्सच्या खाती जमा धरावयाचे, त्याच न्यायाने जुने मैदान त्याच्या बाजूने वजावटीला घेतले पाहिजे. टीकाकार पहिले करतात, दुसरे विसरतात.

काळाचा आक्षेप अधिक टिकाऊ आहे. तो पूर्णपणे खोडता येत नाही आणि खोडण्याचा हट्टही धरू नये. २००० साली बोस्टनच्या पेद्रो मार्तीनेझने १.७४ ही सरासरी राखली. कोफॅक्सच्या १९६६ च्या आकड्याशी ती जवळजवळ तंतोतंत जुळते. पण मार्तीनेझच्या लीगमध्ये त्या वर्षी इतर पिचर सरासरी जवळजवळ पाच धावा देत होते. अशा काळातले १.७४ हे १९६६ मधल्या १.७३ पेक्षा दुर्मीळ, असे म्हणावेच लागेल. मात्र याचीही दुसरी बाजू आहे. मार्तीनेझने त्या वर्षी २१७ डाव टाकले व ७ सामने स्वतः अखेरपर्यंत नेले. कोफॅक्सने १९६६ मध्ये ३२३ डाव टाकले आणि २७ सामने अखेरपर्यंत नेले. एकाने महागाईच्या काळात मोती वेचले, दुसऱ्याने स्वस्ताईत पण दीडपट. कोणाचे मोल अधिक हे सांगताना घाई करू नये. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की शिखराच्या निव्वळ उंचीवरही कोफॅक्सचा हक्क निर्विवाद नाही. त्याचे भक्त असे गृहीत धरून चालतात, ही त्यांची चूक आहे.

राहिला बेरजेचा आक्षेप. माझ्या मते वादाचे मर्म येथे आहे. कारण ह्या आक्षेपाला समर्थकांनी दिलेले नेहमीचे उत्तर असे, की पहिली सहा वर्षे सोडून द्या आणि शेवटच्या पाचांकडेच पाहा. हे उत्तर सोयीचे आहे. पण ते टीकाशास्त्राच्या दृष्टीने लंगडे आहे. अपयश वगळून उरलेल्याची पूजा करणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. मला उलट वाटते, की त्या सहा वर्षांवाचून पुढील पाच वर्षांचा अर्थच लागत नाही.

ती वर्षे अशी का गेली, याचे एक कारण नियमात होते. त्या काळी करारावर सही करताना नवख्या खेळाडूला ४,००० डॉलरांपेक्षा अधिक रक्कम दिली, तर त्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. कोफॅक्सला १४,००० डॉलर मिळाले होते. त्यामुळे इतर मुले जेथे लहान संघांतून चुका करीत शिकतात ती पायरी त्याला मिळालीच नाही. अपरिपक्व मुलगा मोठ्या संघात बाकावर बसून राहिला आणि क्वचित संधी मिळाली की सर्व शक्ती एकवटून चेंडू फेकू लागला. वेग अफाट होता, पण ताबा नव्हता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये एका सामन्यात त्याने १४, आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये १८ स्ट्राइकआउट केले. देणगी होती यात शंकाच नाही. परंतु १९५८ मध्ये त्याने १५८ डावांत १०५ फलंदाजांना फुकट बेस दिले. म्हणजे सामन्यागणिक सहा जण काहीही न करता पुढे जात. १९६० संपताना खेळ सोडून देण्याचा विचार त्याच्या मनात आला होता.

१९६१ च्या वसंतात, सरावाच्या एका सामन्यात, नॉर्म शेरी ह्या त्याच्या कॅचरने त्याला सुचविले, की प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने फेकू नकोस. थोडा जोर कमी कर आणि फलंदाजाला मारू दे. त्या दिवशी कोफॅक्सने सात डावांत एकही फटका मारू दिला नाही. ही कथा अमेरिकेत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला चमत्कारकथेचे रूप आले आहे. जणू गुरूने कानात मंत्र सांगितला आणि शिष्य तत्काळ सिद्ध झाला. आकडे मात्र निराळेच सांगतात. १९६१ मध्येही त्याने पुष्कळ फुकट बेस दिले. सुधारणा क्रमाक्रमाने झाली. १९६३ मध्ये, ३११ डावांत, ही संख्या ५८ वर आली होती. १९५८ शी तुलना केली तर डाव दुप्पट आणि दोष जवळजवळ निम्मे. याला साधना म्हणतात, आणि ती पाच वर्षे चालली. आपल्याकडे संगीताच्या तालमीचा अनुभव असलेल्या वाचकांस हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आवाज निसर्ग देतो. त्याला कोठे आवरावयाचे हे कळण्यास वर्षे लागतात. पहिली सहा वर्षे ही कोफॅक्सच्या थोरवीतील उणी बाजू असेल, पण तीच त्या थोरवीची घडणही आहे. जो केवळ शेवटची पाच वर्षे पाहतो त्याला फळ दिसते आणि झाड दिसत नाही.

त्याच्या कलेच्या स्वरूपाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आकड्यांच्या गर्दीत त्याची चर्चा राहून जाते. कोफॅक्सजवळ मुख्यतः दोनच प्रकारचे चेंडू होते. एक वेगवान, जो फलंदाजापाशी येताना वर उसळतो असा भास होई. दुसरा वक्र, जो उंचावरून यावा आणि एकाएकी खाली कोसळावा तसा पडे. हात उचलण्याच्या त्याच्या ढबीवरून पुढचा चेंडू कोणता हे प्रतिपक्षाला पुष्कळदा आधीच कळत असे, असे त्याच्या समकालीनांनी सांगितले आहे. तरीही तो मारता येत नसे. फसवणूक हे ज्या कलेचे निम्मे भांडवल, तीत फसवणुकीवाचून जिंकणे ही गोष्ट असामान्य आहे. मोजके स्वर घेऊन, सर्वांना माहीत असलेला राग, आडवळणे न घेता मांडावा आणि तरी श्रोत्याला नवा वाटावा, त्या जातीचे हे यश आहे.

आणि हे यश दुखऱ्या हाताने मिळविलेले आहे. १९६२ मध्ये बोटातील रक्ताभिसरणाच्या विकाराने त्याला ऐन हंगामात दोन महिन्यांहून अधिक काळ घरी बसविले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये बेसकडे झेप घेताना डावा कोपर आपटला. त्या सांध्याला संधिवात जडल्याचे निदान झाले. पुढची दोन वर्षे तो सांध्यात औषधाच्या सुया टोचून घेऊन, वेदनाशामक गोळ्या पोटात घेऊन आणि सामन्यानंतर कोपर बर्फात बुडवून खेळला. ज्या दोन वर्षांत त्याने ५३ सामने जिंकले आणि ३८२ व ३१७ असे स्ट्राइकआउट केले ती हीच दोन वर्षे होत. १४ ऑक्टोबर १९६५ रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना झाला. कोफॅक्स अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर उभा राहिला. त्या दिवशी त्याचा वक्र चेंडू वठत नव्हता. तेव्हा त्याने तो जवळजवळ बाजूला ठेवला आणि उरलेल्या एकाच प्रकारच्या चेंडूवर नऊ डाव काढले. तीन फटके, दहा स्ट्राइकआउट, प्रतिपक्षाची धाव एकही नाही. डॉजर्स २–० ने विजयी. मला कोफॅक्सचा एकच सामना निवडावयास सांगितला तर मी निर्दोष सामन्याऐवजी हा निवडीन. निर्दोष सामन्यात सर्व साधने हाताशी होती. येथे निम्मे साधन गळाले असताना त्याने उरलेल्याचे पूर्ण माप घेतले.

त्याच मालिकेतील दुसरी एक घटना ह्या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल, आणि म्हणूनच तिच्याविषयी जपून लिहिले पाहिजे. मालिकेचा पहिला सामना ६ ऑक्टोबर १९६५ रोजी होता. तो दिवस ज्यू धर्मातील योम किप्पूरचा, म्हणजे उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा, वर्षातील सर्वांत पवित्र दिवस होता. कोफॅक्स त्या दिवशी खेळला नाही. त्याच्या जागी ड्राइसडेल उभा राहिला आणि डॉजर्स ८–२ असे हरले. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स खेळला, आणि तोही सामना डॉजर्सनी ५–१ असा गमावला. पुढे पाचव्या सामन्यात आणि सातव्या सामन्यात प्रतिपक्षाला एकही धाव न देता त्याने मालिका जिंकून दिली. १९३४ मध्ये हँक ग्रीनबर्ग ह्या ज्यू फलंदाजानेही योम किप्पूरच्या दिवशी खेळण्याचे नाकारले होते. पण वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात संघाच्या मुख्य पिचरने दूर राहणे ही गोष्ट साऱ्या देशाच्या डोळ्यांत भरली. अमेरिकेतील ज्यू समाजाने ती आजतागायत हृदयात जपली आहे.

व्रताचा अर्थ आपल्या वाचकांस सांगावयास नको. एकादशी धरणारी वा उत्सवाच्या दिवशी देवळाच्या पायरीशी धंदा बंद ठेवून उभी राहणारी माणसे ह्या कृतीचे मोल तत्काळ जाणतील. पण आपली एक जुनी खोड येथे आड येते. ज्याचे आचरण आपल्याला पूज्य वाटले त्याची कलाही सर्वश्रेष्ठ होती असे आपण धरून चालतो. संतचरित्रे लिहिणाऱ्या हाताला ते शोभते. समीक्षकाच्या हाताला शोभत नाही. कोफॅक्सने त्या दिवशी खेळण्यास नकार दिला नसता, तरी त्याचा वक्र चेंडू तेवढाच खाली पडला असता. आणि एखाद्या सामान्य पिचरने तोच नकार दिला असता तर तो नकार तितकाच थोर ठरला असता. दोहोंची बेरीज करून एक मोठा आकडा काढण्यात दोहोंचाही अपमान आहे. त्यात कला आचरणाच्या उसन्या पुण्याईवर उभी राहते, आणि आचरण हे कीर्तीचे आभूषण होऊन बसते. कोफॅक्सने स्वतः ह्या नकाराचा कधी गाजावाजा केला नाही, ही गोष्ट त्याच्या भक्तांनी ध्यानात घ्यावी.

निवृत्तीविषयीही हाच विवेक हवा. २७ सामने जिंकलेल्या वर्षानंतर, हात कायमचा निकामी होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा त्याने खेळ सोडला. हा निर्णय शहाणपणाचा होता, धैर्याचाही होता. परंतु त्यामुळे त्याच्या आकड्यांना उताराची वर्षे लागली नाहीत, हेही खरे आहे. स्पान १९६५ मध्ये ७ सामने जिंकून १६ हरला. त्याच्या सरासरीत ती वर्षे मोजली जातात. तोच स्पान १९६३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, २३ सामने जिंकून ७ हरला होता. दीर्घकाळ टिकणे हा निव्वळ दैवाचा भाग नाही. शरीर वेग हिरावून घेत असताना नवनवे चेंडू शिकून जिंकत राहणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि त्या विद्येची परीक्षा देण्याची वेळ कोफॅक्सवर फारशी आलीच नाही. ज्या परीक्षेला तो बसला नाही तीत तो उत्तीर्ण झाला असता, असे धरून त्याला गुण देता येणार नाहीत. मात्र केवळ दीर्घायुष्यालाच थोरवी मानणाऱ्यांनी नोलन रायनकडेही पाहावे. त्याने १९७३ मध्ये कोफॅक्सचा ३८२ स्ट्राइकआउटांचा उच्चांक एकाने मोडला, कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआउट केले, फटका न देण्याचा पराक्रम सात वेळा केला. पण २७ हंगामांत ३२४ विजयांबरोबर २९२ पराभवही घेतले, आणि फुकट बेस देण्याचा सर्वकालीन विक्रमही त्याचाच, २,७९५. साय यंग पारितोषिक त्याला एकदाही मिळाले नाही. देणगी कोफॅक्सच्या तोडीची, काळ दुपटीहून अधिक. पण ताबा अखेरपर्यंत पूर्णपणे आला नाही.

तर मग निवाडा काय करावा? कोफॅक्स हा सर्वश्रेष्ठ डावखुरा पिचर होय, हे जे विधान वारंवार केले जाते, ते मला मान्य करता येत नाही. बेरजेत स्पान त्याच्या फार पुढे आहे. रँडी जॉन्सनने तर ३०३ विजय, ४,८७५ स्ट्राइकआउट आणि पाच साय यंग पारितोषिके अशी उंची आणि विस्तार ही दोन्ही मापे एकाच कारकिर्दीत पुरी केली. सर्वश्रेष्ठपणाचे एकच आसन मांडावयाचे असेल तर त्यावर कोफॅक्सला बसविता येणार नाही.

परंतु थोरवीला असे एकच आसन असते, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे, आणि साठ वर्षे चाललेला हा वाद तिच्यापायीच निष्फळ झाला आहे. कोफॅक्स थोर ठरतो तो कोणाहून अधिक आहे म्हणून नव्हे. बेभान शक्तीला शिस्तीचे वळण कसे लागते, आणि ते लागल्यावर शरीर साथ सोडीत असतानाही कलेचा दर्जा कसा राखता येतो, ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या १२ वर्षांत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या त्याहून मोठ्या आणि लांब कारकिर्दींतही क्वचित दिसतात. त्याचा अखेरचा सामना ६ ऑक्टोबर १९६६ रोजी, वर्ल्ड सिरीजमध्ये, बाल्टिमोरविरुद्ध झाला. त्यात त्याच्या क्षेत्ररक्षकाने एकाच डावात तीन चुका केल्या, डॉजर्स ६–० ने हरले आणि विजयाचे श्रेय जिम पामर ह्या २० वर्षांच्या पोराच्या नावावर मांडले गेले. भक्तांनी हा सामना आठवणीबाहेर टाकला आहे. समीक्षकाने तो नोंदवावा. पहिल्या सहा वर्षांचे ४० पराभवही नोंदवावेत. एवढे सर्व नोंदवूनही जे उरते ते पुरेसे मोठे आहे, आणि त्याला कोणाच्या पदरच्या विशेषणाची गरज नाही.